विणलेली धमनी

नीरेच्या दक्षिण तीरापासून खंबाटकीच्या डोंगररांगेपर्यंत पसरलेला खंडाळ्याचा मुलूख, जो इंग्रजी अमदानीत वाई तालुक्याचा एक पेटा म्हणून सरकारी दफ्तरात नोंदला जाई, त्याचे नाव शल्यवैद्यकाच्या इतिहासात कोठे आढळणार नाही. तथापि या मुलखातील एखाद्या शेतकऱ्याची मांडी गाडीच्या चाकाखाली चिरडली, किंवा ऊस तोडताना कोयत्याच्या घावाने एखाद्याच्या हाताची धमनी तुटली, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याचे काय होत असे, हा साधा प्रश्न जो विचारील, त्याला या इतिहासात शिरल्यावाचून गत्यंतर नाही. जखमेवर घट्ट पट्टी आवळावी, रक्त थांबेना तर वाहिनी धाग्याने बांधून टाकावी, आणि रक्ताअभावी अवयव काळा पडू लागला म्हणजे तो कापून जीव वाचवावा, एवढेच इलाज तेव्हा उपलब्ध होते. आणि तेही ज्याला लोणंदच्या स्टेशनापर्यंत पोचवून पुणे-मिरज मार्गावरील आगगाडीत बसवता येई, त्याच्याच वाट्याला येत. मिरजेस विल्यम वान्लेस या मिशनरी शल्यवैद्याने १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि पुढील कित्येक दशके सातारा, सांगली व कोल्हापूर या टापूतील रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी मिरज हेच ठिकाण ठाऊक होते. परंतु तुटलेली धमनी पुन्हा जोडण्याची विद्या तेव्हा मिरजेसच काय, लंडन-पॅरिसलाही कोणाजवळ नव्हती.

योगायोग असा, की त्याच १८९४ सालच्या जून महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियों शहरात एका इटालियन अराजकवाद्याने खंजिराचा वार केला. वार यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर बसला, आणि देशातील निष्णात शल्यवैद्य भोवती उभे असताना एका राष्ट्राचा प्रमुख रक्तस्रावाने मरण पावला. त्या वेळी लियोंमध्ये अलेक्सी कारेल नावाचा वीस वर्षांचा तरुण वैद्यकाचे शिक्षण घेत होता. आतडी शिवता येतात, कातडी शिवता येते, मग रक्तवाहिनीच का शिवता येऊ नये, हा विचार त्याच्या मनाला लागला तो कायमचा. लियों ही रेशमाची नगरी. तेथील भरतकाम जगप्रसिद्ध. कारेलने मादाम लेरूदिए या भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडे जाऊन अतिशय बारीक सुया आणि रेशमाचा धागा हाताळण्याचे धडे घेतले, आणि १९०२ साली रक्तवाहिन्यांची तोंडे एकमेकांस जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या गोल तोंडावर समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणले, की वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि त्याच्या सरळ बाजू शिवणे सुकर होते, ही त्या रीतीतील युक्ती. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यदेहात धमनी जोडण्याच्या विद्येची पहिली शिकवणी एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीने दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढील शंभर वर्षांत या विद्येने जेव्हा जेव्हा पाऊल पुढे टाकले, तेव्हा तेव्हा सुई, दोरा आणि वस्त्र यांचा आधार तिला पुनःपुन्हा घ्यावा लागला.

धमनी म्हणजे निव्वळ नळी होय, ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्या वर्णिल्या आहेत. प्राचीन ग्रीकांपैकी काहींना धमन्यांतून वायू वाहतो असे वाटे. आणि शिवजन्माच्या दोन वर्षे आधी, १६२८ साली, विल्यम हार्वेने आपला ग्रंथ प्रसिद्ध करून हृदयातून निघालेले रक्त फिरून हृदयाकडेच येते हे सिद्ध केले. परंतु रक्ताचा मार्ग कळला म्हणून मार्गाची घडण कळली असे होत नाही. धमनीच्या भिंतीस तीन थर असतात. आतला थर पेशींच्या एकपदरी अस्तराचा; रक्त ज्याला स्पर्श करते तो हाच, आणि रक्ताला गोठू न देण्याचे काम अहोरात्र करणाराही हाच. मधला थर स्नायुपेशी व लवचीक तंतू यांचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तो किंचित फुगतो आणि लागलीच आवरतो, व त्या आवरण्याने रक्ताला पुढे रेटतो. बाहेरचा थर चिवट कोलॅजनाचा. तो धमनीला फाटू देत नाही. १९५७ साली रोच आणि बर्टन या कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले, की दाब थोडा असताना ताण इलास्टिनचे लवचीक तंतू सोसतात, आणि दाब वाढला म्हणजे कोलॅजनाचे ताठ तंतू तो भार अंगावर घेतात. म्हणून धमनी आधी सहज ताणली जाते आणि मग एका मर्यादेस येऊन ताठ होते. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, आणि तेही साठ-सत्तर वर्षे, सोसणारी ही रचना आहे. तिची नक्कल करू निघालेल्या माणसाला आपण काय करू पाहतो आहोत याची कल्पना नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच कदाचित त्याने हा उद्योग हाती घेतला.

आरंभीचे प्रयत्न नळीचेच होते. स्वतः कारेलने मेण लावलेल्या काचेच्या व धातूच्या नळ्या कुत्र्यांच्या महाधमनीत बसवून पाहिल्या. पहिल्या महायुद्धात तुफिए या फ्रेंच शल्यवैद्याने जखमी सैनिकांच्या तुटलेल्या धमन्यांत मेणाचे अस्तर दिलेल्या चांदीच्या नळ्या घातल्या. या नळ्या काही काळ चालत आणि मग गोठलेल्या रक्ताने बुजून जात. त्याहून बरा मार्ग रुग्णाच्याच देहातून शीर काढून धमनीच्या जागी बसवण्याचा होता. तो स्पेनमध्ये गोयानेस याने १९०६ साली आणि जर्मनीत लेक्सर याने १९०७ साली अवलंबिला. परंतु ही विद्या दीर्घकाळ काही मोजक्या हातांतच राहिली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या धमन्यांच्या २४७१ जखमांचा जो आढावा डिबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला, त्यात बहुसंख्य ठिकाणी धमनी बांधून टाकण्याचा जुनाच उपाय केलेला दिसतो, आणि अशा जवळजवळ निम्म्या सैनिकांना आपला अवयव गमवावा लागला. अवघ्या काही वर्षांनी कोरियाच्या युद्धात धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया रणभूमीच्या निकट नेण्यात आली, तेव्हा हेच प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर आले. एखाद्या विद्येच्या उपयुक्ततेचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

महायुद्ध संपल्यावर मृत माणसाच्या देहातील धमन्या काढून, जतन करून, रुग्णांत बसवण्याची पद्धत आली. १९४८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस याने आणि १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त याने अशा धमन्या वापरून मोठे यश मिळवले. परंतु मृतांच्या धमन्यांचा पुरवठा तुटपुंजा, त्यांचे जतन कष्टाचे, आणि देहात काही वर्षे राहिल्यावर त्या चुनखडीसारख्या कठीण होत किंवा फुगून फुटत. वैद्यकाला आता असे काही हवे होते, जे कारखान्यात हवे तितके घडेल आणि देहात टिकेल.

ते सापडले एका किरकोळ भासणाऱ्या निरीक्षणातून. १९४७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हूरहीस नावाचा तरुण शल्यवैद्य कुत्र्यांवर हृदयाच्या झडपांचे प्रयोग करीत होता. काही महिन्यांपूर्वी हृदयाच्या कप्प्यात चुकून राहून गेलेला रेशमाचा एक टाका त्याला दिसला. त्या टाक्यावर चकचकीत, गुळगुळीत असे एक पातळ आवरण चढलेले होते. रक्ताच्या प्रवाहात राहिलेल्या धाग्याला देहाने स्वतःचे अस्तर घातले होते. जर एका धाग्याला देह असे झाकतो, तर धाग्यांच्या विणीलाही झाकील, असा तर्क त्याने केला, आणि पॅराशूटसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिनियॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या शिवून त्या कुत्र्यांच्या महाधमनीत बसवल्या. १९५२ साली त्याने आपल्या सहकाऱ्यांसह तो निबंध प्रसिद्ध केला. १९५३ साली तीच नळी मनुष्यदेहात गेली. या शोधाचे मर्म कापडात तितकेसे नव्हते; ते कापडाच्या छिद्रांत होते. काच, चांदी आणि मेण यांच्या नळ्या देहाला आत शिरू देत नव्हत्या. कापडाच्या विणीतून देहाच्या पेशी आत येत, तेथे वस्ती करीत, आणि परक्या वस्तूला थोडीफार आपलीशी करीत. त्या दिवसापासून कृत्रिम धमनी ही नळकामाची बाब न राहता विणकामाची बाब झाली.

टेक्सासमधील ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी याने हेच सूत्र पुढे नेले. लेबनॉनहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातील या मुलाला आईने लहानपणीच शिवणकाम शिकवले होते. तो नायलॉनचे कापड आणायला एका मोठ्या दुकानात गेला, तेव्हा नायलॉन संपले होते म्हणून दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे कापड त्याच्या हाती दिले, आणि त्याने घरच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या, असे तो स्वतः सांगत असे. हा डेक्रॉन म्हणजे इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली शोधलेला पॉलिएस्टर. ज्याचे सदरे आणि साड्या पुढे आपल्या घराघरांत आल्या, तोच. नायलॉन देहात राहून कमकुवत होत जातो आणि पॉलिएस्टर वर्षानुवर्षे टिकतो, हे लवकरच सिद्ध झाल्याने दुकानातील ती टंचाई वैद्यकाच्या पथ्यावरच पडली. फिलाडेल्फियातील वस्त्रतंत्रज्ञ थॉमस एडमन याने शिवणीविना अखंड नळी विणणारे यंत्र तयार करून दिले. स्टर्लिंग एडवर्ड्स याने १९५५ च्या सुमारास नळीला चुण्या पाडण्याची रीत काढली, ज्यायोगे ती वाकवली तरी तिचे पोट मिटत नाही. वैद्य आणि विणकर यांच्या या सहकार्याचे फळ असे, की २००५ च्या अखेरीस वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी डिबेकी याची स्वतःची महाधमनी फाटली, तेव्हा २००६ साली त्याच्या शिष्यांनी डेक्रॉनच्याच नळीने ती दुरुस्त केली, आणि त्यानंतर तो आणखी दोन वर्षे जगला.

परंतु छिद्रे असलेल्या कापडातून रक्त झिरपणार, हा पेच होताच. छिद्रे बुजवावीत तर पेशींना वाट नाही, मोकळी ठेवावीत तर रुग्ण रक्तस्रावाने जाणार. यावर शल्यवैद्यांनी जो तोडगा काढला, तो लोणंद-फलटणच्या माळावर ज्याने सनगराचा माग पाहिला आहे त्याला तत्काळ उमजेल. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना सनगर चिंचोक्यांची खळ देतो. लोकरीचे मोकळे, केसाळ सूत त्या खळीने आवळते, मागाचा ताण सोसते, आणि काम झाल्यावर खळ धुऊन निघते. त्याचप्रमाणे डेक्रॉनची नळी धमनीत बसवण्यापूर्वी शल्यवैद्य ती रुग्णाच्याच रक्तात भिजवून ठेवू लागले. ते रक्त विणीत गोठून छिद्रे तात्पुरती मिटत, आणि पुढे देह ती गोठ हळूहळू विरघळवून तिच्या जागी आपले तंतू भरी. पुढे हे काम कोलॅजन किंवा जिलेटिनाच्या लेपाने कारखान्यातच होऊ लागले, परंतु तत्त्व तेच राहिले.

आपल्या प्रांतात या विद्येचे पीठ मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या, १९२६ साली स्थापन झालेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात होते. तेथील शल्यवैद्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव बहुतेकांना १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी केलेल्या भारतातील पहिल्या हृदयप्रतिरोपणामुळे ठाऊक असते. परंतु रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातील त्यांचे कार्य त्याहून चिरस्थायी आहे. जपानमध्ये ताकायासू या नेत्रवैद्याने १९०८ साली ज्याची पहिली नोंद केली, तो महाधमनीचा दाह आशियातील तरुण स्त्रियांत विशेष आढळतो. त्यात धमनीची भिंत जाड होऊन मार्ग आक्रसतो. मनगटाची नाडी लागेनाशी होते, किंवा छातीच्या खाली महाधमनी अरुंद होऊन वरच्या अंगात रक्तदाब भयंकर वाढतो आणि पायांना रक्त पुरत नाही. सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात या मध्यमहाधमनीच्या विकाराची जी मांडणी केली, ती जगभरच्या वैद्यांनी विचारात घेतली. पाश्चात्त्य ग्रंथांत चरबीने बुजलेल्या वृद्धांच्या धमन्यांचे वर्णन असे. येथे परळच्या रुग्णालयात वीस-पंचवीस वर्षांच्या मुली येत. अशा धमनीला कृत्रिम नळीने वळसा देऊन रक्त पलीकडे पोचवणे हाच पुष्कळदा उपाय ठरतो, आणि तो करताना तरुण वयामुळे नळीने चाळीस-पन्नास वर्षे टिकले पाहिजे, ही अट आपल्या वैद्यांपुढे पाश्चात्त्यांहून अधिक कठोरपणे उभी होती. दक्षिणेस तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीची हृदयाची झडप सिद्ध केली व ती डिसेंबर १९९० मध्ये प्रथम मनुष्यदेहात बसवली. परदेशी मालाच्या किमतीपुढे हतबल झालेल्या देशाला अशा वस्तू स्वतः घडवता येतात, याचे ते प्रमाण होते.

मोठ्या धमनीचा प्रश्न कापडाने अशा प्रकारे सोडवला, तरी लहान धमनीने त्याला हार खायला लावली. महाधमनीत रक्ताचा ओघ जोराचा, त्यामुळे नळीच्या भिंतीवर थोडे रक्त गोठले तरी बिघडत नाही. परंतु गुडघ्याखालील किंवा हृदयावरील धमनीचा व्यास काही मिलिमीटरच, आणि तेथे तेवढीच गोठ मार्ग बंद करते. सहा मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाची कापडी नळी विश्वासार्ह राहत नाही, हा अनुभव सर्वत्र आला. १९६९ साली बॉब गोर याने टेफ्लॉन झटकन ताणून सच्छिद्र करण्याची युक्ती शोधली. त्या पदार्थाच्या नळ्या गुडघ्याच्या वरील धमन्यांसाठी आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या डायलिसिससाठी उपयोगी पडल्या, पण लहान धमनीचा पेच त्यांनीही सुटला नाही. हृदयासाठी तर आजही रुग्णाच्याच पायातील शीर किंवा छातीतील धमनी काढून बसवतात. फावालोरो याने १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये रूढ केलेल्या त्या शस्त्रक्रियेतील शिरांपैकी सुमारे निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात.

या अपयशाचे एक कारण अस्तराचा अभाव; कापडाच्या आतल्या बाजूस पेशींचे अखंड अस्तर मनुष्यदेहात क्वचितच चढते. दुसरे कारण लवचीकतेचे. जिवंत धमनी ठोक्यागणिक फुगते, तिला जोडलेली ताठ नळी फुगत नाही. सांध्यापाशी प्रवाह ढवळला जातो, तेथील पेशी चवताळून वाढतात आणि जाड होत जाणारी भिंत मार्ग गिळते. रोच आणि बर्टन यांनी दाखवलेला तो दोन तंतूंचा मेळ, आधी मऊ आणि मग ताठ, कोणत्याही एका धाग्यात नाही. नक्कल करायची तर बाह्य आकाराची करून भागणार नव्हते. स्वभावाची करावी लागणार होती.

तेव्हा संशोधक उलट्या दिशेने विचार करू लागले, की धमनी विणण्याऐवजी ती वाढवावी. १९८६ साली वाइनबर्ग आणि बेल यांनी गाईच्या पेशी व कोलॅजन यांपासून प्रयोगशाळेत धमनीची आकृती उभी केली. ती इतकी दुबळी होती, की तिला डेक्रॉनच्या जाळीचा आधार द्यावा लागला. १९९८ साली क्वेबेक येथे लेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींचे पापुद्रे वाढवून ते दांडीवर गुंडाळले, आणि पाऱ्याच्या दोन हजार मिलिमीटरहून अधिक दाब सोसणारी नळी केवळ जिवंत द्रव्यातून घडवली. १९९९ साली लॉरा निकलसन यांनी विरघळणाऱ्या धाग्यांच्या सांगाड्यावर गाईच्या पेशी पेरून ती नळी अशा पात्रात ठेवली, की जिथे पंप हृदयाप्रमाणे तिला ठोके देत राही. त्या ठोक्यांच्या शिस्तीत पेशींनी अधिक कोलॅजन घातले आणि भिंत बळकट झाली. पेशींना काम लावले तरच त्या धमनी घडवतात, हा यातील महत्त्वाचा धडा. २००१ साली जपानच्या शिनओका यांनी विरघळणाऱ्या सांगाड्यावर रुग्णाच्याच पेशी वाढवून ती वाहिनी चार वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसधमनीत बसवल्याचे वृत्त दिले. वाढत्या मुलाला वाढत नसलेले कापड बसवण्याचे संकट त्याने टाळले.

निकलसन यांनी पुढे यातच एक मोठी सुधारणा केली. मानवी पेशींकरवी धमनी विणून घ्यायची, आणि मग त्या पेशी धुऊन काढून केवळ त्यांनी मागे ठेवलेला तंतूंचा साचा ठेवायचा. परक्या पेशीच नसल्यामुळे देह तो नाकारत नाही, साचा तयार करून साठवून ठेवता येतो, आणि रुग्णाच्या देहात गेल्यावर त्याच्याच पेशी तेथे येऊन वस्ती करतात. सहा मिलिमीटर व्यासाची ही वाहिनी युक्रेनच्या युद्धातील जखमींत वापरली गेली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, ज्यांच्या हातापायाची धमनी तुटली आहे आणि ज्यांची स्वतःची शीर वापरणे शक्य नाही अशा प्रौढांसाठी, तिला मंजुरी दिली. व्हूरहीसने एका टाक्यावर जे पाहिले, त्याचा हा सत्त्याहत्तर वर्षांनंतरचा निष्कर्ष आहे. हृदयावरील लहान धमनीची मागणी मात्र अद्याप पूर्ण व्हायची आहे.

या सर्व इतिहासातून जो निर्णय निघतो तो असा, की कृत्रिम धमनी जेथे देहाला वगळून केली गेली तेथे ती बुजली, आणि जेथे देहाला तिच्यात शिरून काम करण्याची मुभा मिळाली तेथे ती टिकली. तो निर्णय वैद्यांनी एकट्याने गाठलेला नाही. भरतकाम करणारी स्त्री, पॅराशूटचे कापड विणणारे कारागीर, वस्त्रतंत्रज्ञ, रसायनज्ञ आणि पशूंवर शस्त्रक्रिया करणारे वैद्य यांचा त्यात बरोबरीचा वाटा आहे. आणि नेमके हेच घटक आपल्याजवळ हाकेच्या अंतरावर आहेत. खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पुण्यास १९५० साली स्थापन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. इचलकरंजीस आणि सांगली जिल्ह्यातील विट्यास यंत्रमागांची पिढीजात विद्या आहे. मिरजेस व साताऱ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. यांना एका कामासाठी एकत्र बसवणे हे शासनाच्या आणि विद्यापीठांच्या अखत्यारीतील कार्य आहे, आणि ते त्यांनी हाती घ्यावे.

एक मागणी याहून तातडीची आहे. खंबाटकीच्या बोगद्यापलीकडील वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि महामार्गावर धमनी तुटलेल्या अवयवाला साधारणपणे सहा तासांची मुदत असते. त्या मुदतीत रक्तप्रवाह सुरू झाला नाही, तर जगातील उत्तमोत्तम वाहिनीचाही उपयोग होत नाही. म्हणून धमनी जोडू शकणारा शल्यवैद्य आणि त्याचे साहित्य साताऱ्याच्या शासकीय रुग्णालयात रात्रंदिवस हजर असेल अशी व्यवस्था व्हावी, यासाठी या मुलखातील प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा.